ओली खूण

जानेवारीत मका कापून झालेला असतो, पंप गप्प असतात,
तेव्हा मी विहिरी मोजायला निघते.
कॅन्ससच्या या वायव्य कोपऱ्यात
विहिरीला काठ नाही, रहाट नाही,
वाकून हाक मारावी असं तोंड नाही.
जमिनीतून डोकावणारी पोलादी नळी,
तिला मुठीएवढं झाकण,
आणि झाकणाखाली शंभर-सव्वाशे फूट अंधार.

फितीच्या टोकाला सुताराचा निळा खडू घासायचा.
फीत सोडायची, मोजून,
मग सावकाश गुंडाळत वर घ्यायची.
खडू जिथे भिजून गडद झाला
तिथे पाणी.
एवढंच माझं शास्त्र.
बाकी सगळी वजाबाकी.

अठ्ठावीस जानेवाऱ्या ती मी वहीत लिहिली.
ड्राइलिंगांची विहीर: एकशे बारा, एकशे एकोणीस, एकशे एकतीस.
ओरेन व्हासिंगरची याहून वाईट.
वही कधी कोणी मागितली नाही.
कॉफी मात्र सगळे देत.

मग एका ऑगस्टात
विल्मा ड्राइलिंगच्या स्वयंपाकघरातल्या नळाला खोकला आला.
हवा, गाळ, पुन्हा हवा.
तिने साबणाचे हात तसेच पुसले, फोन केला,
"गुरुवारी शाळेत ये. वही घेऊन."

शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये
घडीच्या खुर्च्या, घामट टोप्या,
आणि एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं
पाण्यासाठीच एका रांगेत.
मी आकडे वाचले. खाली बसले.
बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.
मग कोणीतरी म्हणालं,
"मी पंप बंद केला, तर शेजारी उपसेल."
शेजारी मागेच बसला होता.
म्हणाला, "हो, उपसेन."
सगळे हसले,
आणि हसून झाल्यावर कोणाला कुठे बघावं कळेना.

अकरा गुरुवार गेले त्यात.
एकदा खुर्ची आपटली गेली.
एकदा केक आला, त्याला कोणी हात लावला नाही.
राजधानीतून कोणी येऊन कुलूप घालण्याआधी
आपली किल्ली आपणच ठरवू, विल्मा म्हणत राहिली.
शेवटी ठरलं: पाच वर्षांत एकरी पन्नास इंच,
कधी किती उपसायचे ते ज्याचं त्याने बघावं,
मीटर मात्र उघड्यावर, कोणीही येऊन वाचावा.
काहींनी मका सोडून ज्वारी धरली.
"ज्वारीला बँक विचारत नाही," ओरेन म्हणाला.
त्याने सही केली नाही.
टोपी घातली, दार हळूच लावून गेला.
त्या हळूच लावण्याचीच भीती वाटली मला.

पण बहुमताचा नियम त्यालाही लागू.
पहिल्या उन्हाळ्यात रात्री तो गाडीचे दिवे विझवून
शेजाऱ्यांचे मीटर वाचत फिरायचा.
विल्माने पाहिलं.
दुसऱ्या रात्री तिने आपल्या मीटरपाशी
कंदील ठेवला, थर्मास ठेवला.
सकाळी थर्मास रिकामा होता, धुतलेला.

तिसरं वर्ष कोरडं गेलं.
चौथ्या जानेवारीत मी ओरेनच्या विहिरीवर पोचले,
तर तो आधीच उभा, कॉलर कानापर्यंत.
फीत वर आली.
"किती?"
"चार इंच खाली."
"म्हणजे वाढलं नाही."
"नाही. पण पूर्वी दोन-दोन फूट जायचं."
तो वाऱ्याकडे पाठ करून विचार करत राहिला.
हे पाणी भरलं तेव्हा मोजायला कोणी नव्हतं.
पश्चिमेचे डोंगर झिजून वाळू इथवर वाहत आली,
वाळूच्या कणाकणामधली फट तेवढी पाण्याची,
आणि त्या फटींना कुंपण कुठलं.

"पुन्हा टाक," तो म्हणाला.
मी फीत पुसली, पुन्हा खडू घासला, पुन्हा सोडली.
तीच खूण.
त्याने हातमोजा काढला,
ओल्या-कोरड्याच्या सीमेवर अंगठा टेकवला,
जणू नाडी बघतोय.
मग काही न बोलता गाडीकडे वळला.

पांढऱ्या दारावर,
कडीच्या जरा वर,
त्याचा निळा अंगठा उमटला होता.
मार्चमध्येही तो तिथेच दिसला मला.
गाडी मधे दोनदा धुतली होती त्याने.